बँकॉकची टूर लागली आहे. बायको माळकरी, मी सगळं खाणारा. दोघांनी जेवायचं कुठं?

संत्रापट्टा

राम राम मंडळी. वरूडकडे गावात आपलं कृषी केंद्र आहे. यंदा कंपनीचं टारगेट बसलं आणि जोडीनं बँकॉकची टूर लागली. दसऱ्याच्या आधी जायचं, हरभऱ्याचं बियाणं यायच्या आत परत.

आधी जाऊन आलेले डीलर सांगतात की टूरवाला दुपारी अन् रात्री एकाच इंडियन हॉटेलात नेऊन बसवते. पनीर, पिवळी दाल, जिरा राइस. आता पनीरच खायचं तर मोर्शी रोडचा ढाबा काय वाईट हाय?

अडचण अशी की सौभाग्यवती माळकरी आहेत. अंडंसुद्धा चालत नाही. मी सावजीवर वाढलेला माणूस, मले काहीच वर्ज्य नाही. आम्ही दोघंच कुठं बाहेर बसून जेवलो असं आठवत नाही. शेगावचा महाप्रसाद सोडला तर. तर एक-दोन रात्री टूरवाल्याले चुकवून दोघांनी एका टेबलावर बसावं, तिले तिचं भेटावं अन् मले माझं, एवढंच मनात आहे. बौद्ध लोकांचा देश आहे म्हणजे शाकाहारी कुठंही भेटत असंलच ना? जाणकारांनी सांगावं. खर्चाचाही अंदाज द्यावा.

कळंबचा बापू

दादा, मी जाऊन आलो हाय. जास्त डोकं लावू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा अन् ठेच्याची बाटली घ्या, मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतली बाटली विमानतळावर काढून घेतात. बाकी टूरवाल्याचं पनीर जिंदाबाद. एका रात्री मी हिंडायला निघालो तर गाडीवर अळ्या तळून ढीग मांडलेला. आपण जल्मभर बोंडअळीवर फवारे मारतो अन् तिकडं पोरं पुडीत घेऊन कुरुकुरू खाऊन रायली! त्या दिवसापासून मी हॉटेलच्या बाहेर खायले गेलो नाही.

दारव्हेकरीण

बापूभाऊ, त्या बांबूतल्या अळ्या असतात, तुमच्या कपाशीतल्या नव्हेत. आणि त्या गाड्या मुख्यतः पर्यटकांच्या रस्त्यावर दिसतात. त्यांच्या भीतीनं अख्ख्या शहराचं जेवण सोडलंत, कमाल आहे.

संत्रापट्टा भाऊ, नवऱ्याच्या नोकरीपायी मी काही वर्षं बँकॉकात ऑन नुट नावाच्या भागात होते. आता सासऱ्यांची शेती बघायला दारव्ह्याजवळ परत आलो. माझं माहेरही माळकऱ्यांचं, म्हणून तुमच्या वहिनींची अडचण मला बरोबर कळते.

पहिली गोष्ट, बौद्ध देश म्हणजे शाकाहारी हे मनातून काढा. दीक्षाभूमीवर आपण थायलंडचे भन्ते पाहतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तिथले भन्ते पहाटे भिक्षेला निघतात आणि लोक पात्रात जे घालतील ते घेतात. त्यात डुकराचं मटणही आलं. शिवाय माशाचं खारं पाणी, नाम प्ला म्हणतात त्याला, ते जवळजवळ प्रत्येक भाजीत पडतं. नुसती पालेभाजी मागवली तरी कढईत कालवांचा सॉस जातो आणि वाढणारी बाई मनापासून सांगते की ह्यात मटण नाही. ती खोटं बोलत नसते.

म्हणून 'व्हेज, व्हेज' करत बसू नका. 'किन जे' म्हणा, 'जे' म्हणजे तिकडचं कडक शाकाहारी जेवण, आणि 'जे'ची पाटी शोधा. पिवळ्यावर लाल अक्षर असतं, लांबून इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसतं. ती पाटी असेल तिथं मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासापेक्षा कडक. ही चिनी वंशाच्या लोकांची रीत. त्यांच्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस सगळं शहर 'जे' खातं, आणि ते नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतात. अधिक महिन्याचा फरक पडला तर पुढे सरकतात, म्हणून तारखा बघून घ्या. जुळलं तर वहिनींची चंगळ आहे. याओवारात म्हणजे तिथली चिनी पेठ. त्या दिवसांत तो रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरलेला असतो आणि एरवी डुकराचं मांस विकणारे गाडेवालेसुद्धा 'जे' विकतात. मेट्रोचं वाट मांगकोन स्टेशन तिथंच आहे. एरवी जायचं तर सोमवार टाळा, बऱ्याच गाड्या बंद असतात.

एक मात्र वहिनींना आधीच सांगून ठेवा. 'जे'वाले लोक गव्हाच्या चिकापासून आणि सोयाबीनपासून हुबेहूब मटणासारखं, बदकासारखं, माशासारखं करतात. अगदी माशाचं कातडं दिसावं म्हणून वर समुद्री शेवाळ गुंडाळतात. माझी आई आली होती तेव्हा ताट सरकवून उठलीच. कितीही समजावलं तरी बसली नाही. तेव्हा तिथं भाज्यांकडे बोट दाखवा. स्टीलच्या ट्रेमध्ये सगळं मांडून ठेवलेलं असतं, बोट दाखवलं की भातावर दोन भाज्या घालून देतात. भोपळा, चवळीच्या शेंगा, टोफू, कोबी.

लाइन गेली. मोबाइल पाच टक्क्यांवर आहे. बाकी आल्यावर लिहिते.

रामटेकचा पोट्टा

दारव्हेकरीण ताई येईपर्यंत मी थोडं सांगतो. मी नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट केलं, सध्या घरी आहे. बँकॉक म्हटलं की आमचे सर दोन नावं घ्यायचेच. कोलकात्याचे गगन आनंद, ज्यांचं रेस्टॉरंट २०१५ ते २०१८ सलग चार वर्षं आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं होतं आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिलं आलं. आणि मुंबईच्या गरिमा अरोरा. त्यांच्या 'गा' या रेस्टॉरंटला २०१८ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. तारा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. रस्त्यावरची जय फायसुद्धा आहे, डोळ्यांवर मोठा चष्मा लावून कोळशावर खेकड्याचं आमलेट तळणारी आजी. बँकॉकच्या पहिल्याच मिशेलिन यादीत तिला तारा मिळाला होता. भाऊ, एकदा तरी बघाच.

संत्रापट्टा

मिशेलिन म्हणजे टायरवाली कंपनी ना? ते जेवणाले कायचे तारे देते?

रामटेकचा पोट्टा

तीच. लोकांनी गाडी काढून लांब जावं आणि टायर झिजावेत म्हणून त्यांनी फ्रान्समध्ये १९०० साली प्रवासाचं पुस्तक काढलं. जेवणाचे तारे नंतर आले.

दारव्हेकरीण

लाइन आली. पोट्ट्या, माहिती चांगली आहे, पण गगनच्या एका ताटाच्या पैशात भाऊंच्या दुकानाचं महिन्याचं वीजबिल निघेल. जय फायच्या दारात लोक तासन्‌तास बसतात आणि आमलेटला हजाराच्या वर बाट लागतात. टूरमध्ये तेवढा वेळ कुठला? तिचं दुकान माहाचाई रस्त्यावर आहे, तिथून थोडं पुढं थिप समाईचं पॅड थाई म्हणजे तांदळाच्या परतलेल्या शेवया १९६६ पासून चालू आहे, तिथंही रांग असते पण सरकते. पण तिथं कोळंबी आणि अंडं, म्हणजे फक्त भाऊंसाठी.

दोघांच्या एका टेबलासाठी माझी पहिली पसंती मॉलमधलं फूड कोर्ट. नाक मुरडू नका. असोक स्टेशनला टर्मिनल २१ नावाचा मॉल आहे, त्यात वर पिअर २१. काउंटरवर रोख देऊन कार्ड भरायचं, पाहिजे त्या गाळ्यावर दाखवायचं, उरलेले पैसे जाताना परत. तिथं 'जे'चा वेगळा गाळा आहे, कढई वेगळी, चमचे वेगळे. वहिनी तिकडून घेतील, तुम्ही शेजारून कोंबडी-भात घ्या आणि खिडकीजवळ बसा. बहुतेक ताटल्या शंभर बाटाच्या आत आहेत. ऑफिसातली थाई माणसं तिथंच जेवतात, त्यामुळे शिळं काही राहत नाही.

भाऊ, तुम्ही तिखटाचे असाल तर सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर सोडू नका. ती मूळची ईसानची. ईसान म्हणजे त्यांचा ईशान्येचा कोरडवाहू मुलूख. तिकडची माणसं पोटामागं बँकॉकात आलेली, आणि त्यांच्या गाड्या गल्लोगल्ली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी मातीच्या खोल उखळात लाकडी मुसळानं कुटायची. आधी लसूण-मिरची, मग ताडाचा गूळ, चवळीच्या शेंगा मोडून, टोमॅटो, लिंबू, मूठभर भाजलेले शेंगदाणे, शेवटी कच्च्या पपईचा लांब कीस. एका हातानं मुसळ, दुसऱ्या हातात मोठा चमचा, कुटता कुटता खालचं वर करायची, त्यामुळे पपई ठेचली जात नाही, नुसती रस पिते. मिरची टाकायच्या आधी ती विचारते, 'प्रिक की मेट?' म्हणजे मिरच्या किती. सावजीचा तोरा घेऊन दहा सांगू नका. तीन पुरे. ती बोटाच्या पेराएवढी मिरची असते आणि तेलात तळलेली नसते, कच्ची कुटलेली असते. सोबत बांबूच्या टोपलीत चिकट भात मिळतो, तो बोटांनी गोळी करून खातात. काट्या-चमच्याचं टेन्शन नको.

वहिनींसाठी त्या गाडीवर 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी नको, आणि 'माय साय कुंग हेंग' म्हणजे सुकी कोळंबी नको, असं सांगता येतं. ती ऐकतेही. पण उखळ तेच, ज्यात सकाळपासून आंबवलेला मासा कुटलेला आहे. माळकरी माणसाला ते चालणार नाही असं माझं स्पष्ट मत. बसू द्या त्यांना शेजारी ताजं नारळपाणी घेऊन.

दुसरं, पाहुराट. चिनी पेठेला लागूनच आपल्या लोकांची कापडपेठ आहे, मेट्रोचं साम योट स्टेशन. सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे, सकाळी लंगर असतो, डोकं झाकून पंगतीला बसायचं. पैसे कोणी मागत नाही. तिथंच बोळात समोसे, जिलबी, चहा. साड्यांचा माल बघायला वहिनी तासभर सहज रमतील, तोवर तुम्ही याओवारातला बदक-भात उरकून या.

आणि हे तर सांगायचंच राहिलं. रस्त्यानं चालताना अचानक तुळशीचा वास येईल. वहिनी म्हणतील, इकडं वृंदावन आहे का कुठं? बघायला जाऊ नका. पॅड क्रापाओ म्हणजे तुळशीच्याच पानांत परतलेला डुकराचा किंवा कोंबडीचा खिमा, वर तळलेलं अंडं. तिथल्या माणसाला काही सुचलं नाही की तो हेच मागवतो. चव झकास असते, तुम्ही खा, फक्त वहिनींना काय आहे ते जेवण झाल्यावर सांगा.

कळंबचा बापू

तुळशीत डुकराचं! हे पांडुरंगा.

संत्रापट्टा

ताई, इतकं कोणी सांगत नाही, लय उपकार. सौ.ले वाचून दाखवलं. ती म्हणते फूड कोर्ट आणि गुरुद्वारा नक्की, ते नकली माशाचं काही नको. तुळशीचा परिच्छेद मी वाचलाच नाही. दोन प्रश्न राहिले. बाट केवढ्याला पडते? अन् पोळीसारखं काही भेटते का हो? तिले भातानं दोन वेळा पोट भरल्यासारखं वाटत नाही.

दारव्हेकरीण

एका बाटाला अडीच ते तीन रुपये धरून चाला. फूड कोर्टात दोघांचं पाणी-फळांसकट अडीचशे-तीनशे बाटांत भागतं. मोठ्या रेस्टॉरंटात मेनूवरच्या आकड्यापुढं दोन अधिक चिन्हं दिसली तर बिलात दहा टक्के सर्व्हिस आणि सात टक्के टॅक्स वर लागतो, तेवढं बघून बसा.

पोळीचं म्हणाल तर रस्त्यावर मुसलमान फेरीवाले रोती करतात. मैद्याचा गोळा आपटून आपटून पातळ पसरवतात, तव्यावर केळं घालून दुमडतात, वरून घट्ट गोड दूध. वहिनींना आवडेल, पण आत अंडं फोडायची पद्धत आहे, म्हणून हात पुढं करून आधीच सांगा, 'माय साय खाय'. तरी तवा तोच, हे धरून ठरवा. जेवणाची पोळी हवी तर सुखुमवितला नाना स्टेशनच्या आजूबाजूला किंवा पाहुराटला इंडियन हॉटेलं आहेत. दशम्या न्याच, त्याबाबतीत बापूभाऊ बरोबर आहेत.

टूर मॅनेजरला दुपारीच सांगा की रात्री आमची दोन पानं धरू नका. आणि हॉटेलच्या रिसेप्शनवरून थाई अक्षरातलं कार्ड घेऊन खिशात ठेवा. परतताना टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं, आणि मीटर लावत नसेल तर पुढची गाडी धरायची.