राजापूरच्या सड्यावर चालत चित्रण: कॅमेरा कसा लावावा, वाट कशी धरावी?

टोरांटोवासी
इथल्या ब्रूस ट्रेलवर मुख्य वाटेला पांढऱ्या पट्ट्या, फाट्यांना निळ्या. चुकायचा प्रश्न नसतो. डिसेंबरात देवाचे गोठणे, कशेळीचा सडा (कातळाचं उघडं पठार) आणि एखादी जुनी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चालत टिपायची आहे. ॲक्शन कॅमेरा आणि २४९ ग्रॅमचा ड्रोन आहे. काय सांभाळू?

गडगा
ड्रोन तिथेच ठेवा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. २५० ग्रॅमपर्यंत सूट मिळते ती वैमानिक परवान्यातून, कस्टममधून नव्हे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्रही परवानगीशिवाय आणू नका, त्यावरून अटक होते.
कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर ६० वरून ५० हर्ट्झवर आणा, नाहीतर टपरीतल्या ट्यूबखाली चित्रात पट्टे सरकतात. चित्रणाचा वेग ६० एमबीपीएस (सेकंदाला ६० मेगाबिट) ठेवला तर तासाला २७ जीबी जातात, त्या हिशेबाने कार्डं घ्या.

पोफळीखाली
सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद हा नियम तिपाईवर ठीक. भर दुपारी सड्यावर एफ २.८, आयएसओ १०० ला त्यासाठी एनडी ६४ (प्रकाश कमी करणारा काळसर फिल्टर) लागेल. चालताना मात्र तो काढाच. स्टॅबिलायझेशन चौकट स्थिर करतं, पण शटर उघडं असताना बसलेला पावलाचा हिसका त्याला पुसता येत नाही. चित्र थरथरतं आणि धूसरही दिसतं. पाखाडीच्या सावलीत तर हे फारच जाणवतं. शटर १/२००, आयएसओची कमाल ८००, एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली. पानांतून पडणारे कवडसे मग फटफटीत होत नाहीत.

सड्यावरचा
पट्ट्या-खुणा इथे नाहीत. गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटतात, म्हणून निघतानाच फोनवर ट्रॅक सुरू करा. देवाचे गोठण्याच्या कातळशिल्पापाशी, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रापाशी, होकायंत्र भरकटतं, नकाशावरच्या बाणावर विसंबू नका. कोरलेल्या चित्रावर पाय ठेवू नका, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूही फिरवू नका. सकाळी लवकर तिरप्या उन्हात त्या आपोआप उठतात. दुपारी खारा वारा सुटला की माइक नुसता घोंघावतो, केसाळ टोपी लावा.
जाळीचे बूट नकोत, कुसळं आत घुसतात. खाजकुयलीच्या वाळक्या शेंगांपासून लांब राहा. तिपाईखाली टेकू द्यायला दगड हाताने उचलू नका, खाली फुरसं (विषारी साप) असतं. बागेतून वाट असेल तर आधी राखणदाराला विचारा, आणि बेडं (कुंपणातलं फाटक) लावून घ्या, नाहीतर गुरं आत शिरतात.

टोरांटोवासी
कशेळीला देवघळीच्या किनाऱ्यावर उतरायचं झालं तर?

गडगा
तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. पाऊण तास मागेपुढे धरा. पाणी ओसरत असताना उतरा, ओहोटी पूर्ण झाली की परत फिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा वरूनच टिपा.