मुलुंड पूर्वेला रिसेल फ्लॅट : वकील जवळचा की फोर्टातला?

हळदीचं_लोणचं
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला रिसेलमधे वन बीएचके घ्यायचं चाललंय. भाव १ कोटी १२ लाखांवर अडलाय. बिल्डिंग १९८२ ची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. सोसायटी आहे, कन्व्हेयन्स (जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालाय म्हणतात. मूळ मालक आजोबा वारले. विकणारा त्यांचा मुलगा, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव चढलंय. त्याची एक बहीण कॅनडात असते.

एजंट म्हणतो, "आमचा वकील आहे, पंधरा हजारात ॲग्रीमेंटपासून रजिस्ट्रेशनपर्यंत सगळं, तुम्ही फक्त अंगठा द्यायला या." सेक्रेटरींनी सोसायटीचे वकील सुचवलेत, ते स्टेशनजवळच बसतात. नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब फोर्टातल्या सॉलिसिटरचं नाव घेतात. माझं बजेट पंचवीस हजार, फार तर तीस. मुलुंड-ठाण्यात कागद नीट वाचणारा कोणी माहीत आहे का? आणि त्याच्याकडून नेमकं काय काय करून घ्यायचं? नाव-नंबर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खुर्चीबहाद्दर
लोन घेताय ना? मग वकील कशाला? बँकेचा वकील सगळं बघतो आणि त्याचे पैसे बँक तुमच्याकडूनच घेते. मी दोन फ्लॅट घेतले, एकदाही वेगळा वकील केला नाही. त्या पैशात मॉड्युलर किचन करा.

शुभदा_पार्ले
बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. हप्ते थकले तर फ्लॅट विकून पैसे सुटतील का, एवढाच त्याचा प्रश्न. रिपोर्ट बऱ्याचदा आपल्याला दाखवतही नाहीत. आम्हाला बँकेने बिनबोभाट लोन दिलं आणि ताबा घेतल्यावर सोसायटीने जुन्या मालकाच्या थकबाकीचं बिल आमच्या हातात ठेवलं, व्याजासकट. बँकेला त्याचं काय सोयरसुतक? वेगळा वकील कराच. आणि सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र ताब्याच्या दिवसापर्यंतचं घ्या, टोकन दिलं त्या दिवसाचं नव्हे. महावितरणचं बिल, महापालिकेचा मालमत्ता कर, गॅस, सगळ्याचं तेच.

जुना_गिरगावकर
फोर्टच. यात दुसरा विचार नाही. वडिलांनी दादरला जागा घेतली तेव्हापासून बॅलार्ड इस्टेटचे सॉलिसिटर आमच्या घरचे. त्यांनी टायटल सर्टिफिकेट (मालकी स्वच्छ असल्याचा दाखला) दिलं की बोट दाखवायची कुणाची टाप नाही. मुलाच्या फ्लॅटला सव्वा लाख घेतले, पण कागद असा की वाचत राहावा. कोटीची वस्तू घेताना वकिलाच्या फीत काटकसर करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

हळदीचं_लोणचं
काका, बजेट वर लिहिलंय.

जुना_गिरगावकर
वाचलं. ते चुकीचं आहे.

अर्धा_वकील
(एलएलबी केलंय, प्रॅक्टिस करत नाही, म्हणून हा आयडी.) मुंबईबाहेर सॉलिसिटर हा प्रकार आता फारसा भेटत नाही. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी अजून ती परीक्षा घेते आणि परीक्षा खरंच अवघड आहे. पण हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच सुरू होतात) सॉलिसिटरने ब्रीफ बांधायचं आणि दुसऱ्या वकिलाने कोर्टात उभं राहायचं, ही सक्ती सत्तरच्या दशकातच संपली. वन बीएचकेच्या खरेदीला मालमत्तेची कामं रोज करणारा सनदवाला वकील चालतो.

जुना_गिरगावकर
चालतो आणि धावतो यात फरक आहे.

स्लो_लोकल
मी ठाण्याचा एक वकील केला होता, १८ हजार अधिक सर्चचे (जुन्या नोंदी तपासण्याचे) पैसे. व्यनि करतो. माणूस तिरसट आहे, फोन उचलत नाही, पण सर्च स्वतः वाचतो. बाकीचे नुसता सर्चवाल्याचा कागद पुढे सरकवतात. निबंधक कार्यालयात जाऊन तीस वर्षांचे इंडेक्स चाळायचे, असं काम असतं ते. रिपोर्टमधे वर्षागणिक एकेक ओळ येते: १९९४ निरंक (म्हणजे कसलीही नोंद नाही), १९९५ निरंक, १९९६ काही पाने फाटलेली. आपण निरंक, निरंक वाचून खूश होतो. आमच्याने फाटलेल्या वर्षांवर पेन्सिलने गोल केले आणि म्हणाला, या वर्षांत गहाण पडलं असेल तर मला दिसणार नाही, मालकाकडून मूळ कागद डोळ्यांसमोर ठेवून घ्या. पन्नास रुपयांची झेरॉक्स नको, मूळच.

तिसरा_मजला
१९८२ ची, लिफ्ट नाही, मुलुंड पूर्व? डोळे झाकून घ्या! रीडेव्हलपमेंट येणार म्हणजे येणार. आता ५१ टक्के संमती पुरते. माझ्या मेव्हण्याला ४३० चौरस फुटांचे ६१० मिळाले, वर कॉर्पस (बिल्डरकडून रोख रक्कम). वकील-बिकील नंतर.

शुभदा_पार्ले
मेव्हण्याला चावी मिळाली का?

तिसरा_मजला
काम चालू आहे.

अर्धा_वकील
ताई, रीडेव्हलपमेंट राहू द्या. तुमच्या पोस्टमधली खरी अडचण कुणीच धरली नाही. शेअर सर्टिफिकेटवर नाव नॉमिनी म्हणून आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्याचं कलम १५४ब-१३ तर सरळ सांगतं की वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली सगळे बरोबरीचे हक्कदार. आजी हयात आहेत का, हे तुम्ही लिहिलंच नाही. आजोबांच्या आई त्यांच्यामागे हयात होत्या का, एखादा मुलगा त्यांच्या आधी वारला आहे का, हेही विचारा. त्या मुलाची बायकोमुलंही वारस असतात.

कॅनडातल्या बहिणीचे दोन मार्ग. एक, तिने भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. दोन, तिने तुमच्या करारात विकणारी म्हणून सही करायची. दुसऱ्यात गोम अशी की ती अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावरचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) एक टक्का नाही, बराच जास्त, आणि तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. पहिला मार्ग सुटसुटीत. ती येऊ शकत नसेल तर तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागेल. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. आणि ते भावाच्याच नावे नको. तोच देणारा आणि तोच घेणारा झाला तर उद्या वाद घालायला आयती जागा.

हळदीचं_लोणचं
बाप रे. आजी आहेत, मुलाकडेच असतात. एजंट म्हणाला "घरचाच मामला आहे".

खुर्चीबहाद्दर
बहीण कॅनडात सुखात असेल, ती कशाला मुलुंडच्या वन बीएचकेत लक्ष घालेल?

स्लो_लोकल
एक कोटी बारा लाखांच्या तिसऱ्या हिश्श्यात कोण लक्ष घालत नाही हो?

गच्चीवरची_तुळस
मी पण हेच सांगणार होते, बँकेच्या वकिलावर विसंबू नका. आणि या फ्लॅटवर कुणाचा हक्क असेल तर कळवा, अशी पेपरात जाहीर नोटीस द्याच. इथे बहुतेक वकील नवशक्ती आणि फ्री प्रेस जर्नलमधे देतात, चौदा-पंधरा दिवसांची मुदत. आमच्या नोटिशीवर कुठून तरी एक चुलतभाऊ उगवला. त्याच्याकडे आजोबांचं पत्र निघालं. आम्ही तो सौदा सोडला, एजंट अजून बोलत नाही.

दुसरं, फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर घ्या. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, फक्त बाईच्या नावावर पाच. तुमच्या १ कोटी १२ लाखांवर १ लाख १२ हजार वाचले, वकिलाची फी तिथेच निघाली. जोडीने घेतला तर सवलत नाही. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचा नाही ही अटही २०२३ मधे काढली.

अर्धा_वकील
बरोबर. फक्त नवरा सहकर्जदार राहिला आणि मालक नसला तर व्याजावरची करसवलत त्याला मिळत नाही. आकडेमोड करून ठरवा. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. दोन्ही हिशेब वेगळे धरा.

पाटीवाला
टोकन किती देताय? रेरात (घरबांधणीच्या नियमनाच्या कायद्यात) करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, त्याला कायदा दाखवा.

अर्धा_वकील
तो नियम बिल्डरसाठी आहे. हा जुना फ्लॅट एक माणूस दुसऱ्याला विकतोय, इथे रेरा नाही. इथे तुमची अक्कल हाच कायदा. सर्च आणि नोटीस होईपर्यंत टोकन लहान, चेकने, आणि टायटल स्वच्छ न निघाल्यास परत असं लिहून.

पाटीवाला
बरं. पार्किंग आहे का?

हळदीचं_लोणचं
"पार्किंगसकट" असं एजंटने सांगितलंय. प्रत्यक्षात कंपाउंडमधे एक स्कूटर मावते.

पाटीवाला
पार्किंग विकताच येत नाही! सुप्रीम कोर्टाने २०१० मधे सांगितलंय.

तिसरा_मजला
आमच्या बिल्डरने विकलंय की. चार लाख, पावतीसकट.

पाटीवाला
पावतीवर काय लिहिलंय ते वाचा एकदा. तो निकालच बिल्डरने स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालच्या खांबांमधली जागा) विकण्यावर होता. सोसायटीच्या जागेतलं वाटप सोसायटी करते. ॲग्रीमेंटमधे पार्किंगचा शब्द घालून भाव वाढवत असतील तर तो आधी काढायला लावा.

(पुढचे अकरा प्रतिसाद पार्किंगवर असल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

हळदीचं_लोणचं
अपडेट. मालकाने फाइल दाखवली. आजोबांचं बिल्डरबरोबरचं ॲग्रीमेंट १९८३ चं, दहा रुपयांच्या स्टँप पेपरवर, रजिस्टर केलेलं नाही. एजंटचा वकील म्हणाला "त्या काळी असंच असायचं". खरं का?

जुना_गिरगावकर
म्हणून म्हणत होतो, फोर्ट.

अर्धा_वकील
अर्धं खरं. अशा करारांना विक्रीच्या दराने मुद्रांक लागायला लागला तो डिसेंबर १९८५ पासून, त्यामुळे स्टँपबद्दल फार घाबरू नका. नोंदणी मात्र १९६३ च्या मोफा (महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी) कायद्यानेही करायला हवीच होती, तेव्हा बरेच जण करत नसत. टायटलपेक्षा बँकेत अडायची शक्यता जास्त. म्हणून बँकेच्या माणसाला आत्ताच हा कागद दाखवा, नंतर नको. आणि नव्या करारात १९८३ पासूनची सगळी साखळी शब्दशः लिहून घ्या. शेअर सर्टिफिकेट, जुन्या पावत्या, सोसायटीच्या सभासद नोंदवहीचा उतारा, सगळं जोडायचं.

शुभदा_पार्ले
एवढं सगळं असताना एजंटचा वकील अजिबात नको. त्याला सौदा पूर्ण होण्यात रस. आणि सोसायटीचा वकीलही नको. उद्या फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्सफरच्या पैशांवरून वाजलं तर तो कुणाच्या बाजूने उभा राहणार? (पंचवीस हजारांच्या वर हस्तांतरण प्रीमियम घेता येत नाही. "ऐच्छिक देणगी" मागतील. देऊ नका.)

स्लो_लोकल
+१. सोसायटीचा नको. माझा तिरसट घ्या.

गच्चीवरची_तुळस
सोसायटीचा नको, हेच लिहायला आले होते.

हळदीचं_लोणचं
मंडळी, सगळ्यांचे आभार, ठरलं एकदाचं. सोसायटीचेच वकील केले.

ओरडायच्या आधी ऐका. ठाण्याच्या वकिलांनी खरंच फोन उचलला नाही. फोर्टवाल्यांनी नुसत्या पहिल्या भेटीचे आठ हजार सांगितले. या वकिलांकडे गेले तर त्यांनी कपाटातून या सोसायटीची जाडजूड फाइल काढली. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीविना सरकारी आदेशाने झालेला कन्व्हेयन्स) त्यांनीच करून दिलंय, त्यामुळे जमिनीचं मालमत्ता पत्रक आणि मूळ बिल्डरचे कागद त्यांच्याकडे आहेत. आजोबांच्याच तारखेचं, त्याच नमुन्याचं दुसऱ्या सभासदाचं १९८३ चं ॲग्रीमेंट त्यांनी मला दाखवलं. त्या फ्लॅटवर एका बँकेने लोनही दिलंय. त्यांनी पहिला प्रश्न आजींचाच विचारला.

फी २४ हजार. सर्च, नोटीस आणि टायपिंगचे पैसे वेगळे, म्हणजे तीसच्या थोडं वर जाणार. सोसायटीशी वाद झाला तर ते कुणाच्याच बाजूने उभे राहणार नाहीत असं मेलवर लिहून घेतलं. ट्रान्सफर प्रीमियमचा आकडा सोसायटीकडून आधीच पत्रावर मागितलाय. आजी आणि बहीण दोघींचं हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय ॲग्रीमेंट नाही, तोपर्यंत टोकन एक्कावन्न हजार. नाव माझं एकटीचं. हे सासूबाईंना सांगायचं काम नवऱ्याकडे आहे.

शुभदा_पार्ले
विचारायचं सगळ्यांना आणि करायचं मनाचं. असो. मेल प्रिंट करून ठेवा.

अर्धा_वकील
आजींचं हक्कसोडपत्र करताना निबंधक कार्यालयात त्यांना एकट्याने विचारायला सांगा, कशावर सही करताय म्हणून. वयस्कर माणसांच्या बाबतीत पुढे हाच मुद्दा निघतो. आणि मालकाला एक टक्का टीडीएस कापूनच पैसे द्या, पन्नास लाखांच्या वर आहे. ते वकील सांगतीलच, पण भरायचा तुम्हालाच आहे.

जुना_गिरगावकर
पहिल्या भेटीचे आठ हजार म्हणजे बरेच कमी सांगितले हो. कुठले?

नवीन_आयडी_४४
छान चर्चा. मी लालबागला पागडीची खोली बघतोय. हेच वकील चालतील का?

अर्धा_वकील
पागडीचं सगळंच निराळं. तिथे तुम्ही मालकी नाही, भाडेकरूचा हक्क घेताय. घरमालकाची संमती आणि भाडेपावती तुमच्या नावावर, हे आधी. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे त्याला. वेगळा धागा काढा.

नवीन_आयडी_४४
धागा कसा काढायचा?