१५०-६०० लेन्स घेतली तरी घारीचे फोटो सॉफ्ट येऊन राहिले, कन्व्हर्टर घेऊ का?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. सेकंडहँड १५०-६०० घेतली, बॉडी जुनी क्रॉप सेन्सरवाली डीएसएलआर आहे. बांधावरच्या निंबावर पिंगळ्याची (छोट्या घुबडाची) जोडी बसते, त्यांचे फोटो बरे येतात, पण पल्याडच्या तारेवरची कापशी घार नाहीतर लांबचा शिक्रा काढला की पिसं दिसतच नाही, नुसता चिखल. दुकानवाला म्हणे लेन्स आणि बॉडीच्या मधी १.४ चा कन्व्हर्टर लाव, चित्र १.४ पट मोठं होऊन जवळ येईल. घेऊ का? आणि हो, बांधावरचा पिंगळा तो दुर्मिळ रानपिंगळा असू शकतो का, यावलचं जंगल काही लांब नाही इथून. नसेल तर तो कुठं भेटेल, लोकेशन असलं तर टाका ना भो.

तापीकाठ:
घारीचे फोटो किती वाजताचे आहेत?

केळीवाला_रावेर:
११-१२ चे असतील, केळीचं पाणी आटोपल्यावरच टाइम भेटतो.

तापीकाठ:
मग लेन्सला कशाला शिव्या देतो भो. ऊन चढलं की नांगरलेल्या वावरावरून गरम हवा वर उठते आणि ती लाटालाटांनी हलते, तिच्यातून १०० मीटरवरची घार काढशील तर कितीही महागडी लेन्स लाव, पिसं नाहीच दिसणार. पिंगळा जवळ बसतो, मध्ये हवा कमी म्हणून तो बरा येतो. खात्री करायची तर तेवढ्याच अंतरावरच्या विजेच्या खांबाचा एक फोटो सकाळी ७ ला काढ आणि एक दुपारी १२ ला, दोन्ही झूम करून बघ. कन्व्हर्टरचं म्हणशील तर तो तेच धुरकट चित्र मोठं करून देईल, वरून ६०० ला तुझं एफ ६.३ होतं ते एफ ९ च्या आसपास जाईल, म्हणजे उजेड निम्माच आत येईल, जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथं चाचपडत बसतो. पैसे वाचव.

सेटिंग म्हणशील तर मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, शटर उडणाऱ्यासाठी १/२००० सेकंद, बसलेल्याला १/५०० पण चालतं. आभाळ मागे असलं की एक्सपोजर एक स्टॉप (दुप्पट) वाढव नाहीतर घार काळी येते. ग्रेनला, म्हणजे फोटोतल्या दाण्यांना, घाबरू नको, ग्रेन नंतर कमी करता येतो, हललेला फोटो काही सरळ होत नाही.

धुळेकर_बाज:
मना भाऊ, कन्व्हर्टरना नाद सोडी दे 😄
कापशी घारीवरच हात बसव, शिकायला तिच्याइतका गुणी पक्षी नाही. वावरावर एकाच जागी पंख फडफडवत थांबते, फोकस धरायला पुरेसा वेळ देते, मग पाय खाली सोडून उंदरावर उतरते. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात ते जमिनीलगत वाकडेतिकडे उडतात, ते नंतर. अजून एक, वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी घेऊन उभा राहा. शिकारी पक्षी वाऱ्याकडं तोंड करून उडतो म्हणजे तुझ्याचकडं झेपावतो. उडायच्या आधी बऱ्याचदा पुढं झुकून विष्ठा टाकतो, ती दिसली की बटण दाबून ठेव, फोटो बघत बसू नको.

सातपुडा_भटक्या:
रानपिंगळ्याबद्दल. बांधावरच्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतील तर तो साधाच पिंगळा. रानपिंगळा थोडा दणकट, डोक्यावरचे ठिपके अगदी फिके, छातीवर तपकिरी पट्टा आणि पोट खालून बरंचसं पांढरं. दिवसा दिसला म्हणून रानपिंगळा असं नसतं, दिवसा दोघं पण दिसतात.

हा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीनं भेटलाच नव्हता, लोकांनी संपला म्हणून धरलं होतं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना आपल्या शहाद्याजवळ सापडला, तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार १९९८ ला वेगळा झाला. आपल्या खान्देशाचा पक्षी म्हणून मला त्याचा जरा जास्तच पुळका आहे, राग धरू नको, पण लोकेशन टाकणार नाही आणि बाकीच्यांनी पण टाकू नये. एकानं ढोली सांगितली की पुढच्या रविवारी झाडाखाली गाड्यांची रांग लागते, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढतात, तो पिल्लं सोडून भांडायला येतो. त्यात दिवाळीच्या आसपास घुबडांचा चोरटा धंदा वाढतो ते वेगळंच. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी काढ, गावातला वाटाड्या सोबत घे, दिसला तर दिसला. रात्री फ्लॅश तर कोणत्याच घुबडावर मारू नको.

केळीवाला_रावेर:
पटलं. आत्ताच झूम करून पाहिलं, डोक्यावर ठिपकेच ठिपके, म्हणजे आपला साधाच. कन्व्हर्टर कॅन्सल. उद्या सकाळी खांबाचा फोटो काढतो. पण लेन्स लय जड आहे, मोटरसायकलच्या सीटवर टेकवतो तर घसरते, ट्रायपॉड घेऊ का?

तापीकाठ:
बांधावर ट्रायपॉड कुठं रोवत बसतो. जुन्या जीन्सचा पाय काप, दोन्ही टोकं शिव, आत दादर ज्वारी भर, झाली बीनबॅग. सीटवर पण बसते, धुऱ्याच्या दगडावर पण. त्याच्यावर टेकवून अजिबात हलत नसली तर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारं) बंद करून एकदा बघ. हरभरा नको भरू, आमच्याकडं पोरांनी खाऊन टाकला.

धुळेकर_बाज:
आणि पावसाळ्यात रिकामी करून ठेव, नाहीतर कोंब येतील 😂