पुराचं पाणी ओसरलं, घर साफ करायला सुरुवात कुठून?

पेठकर: चिपळूण बाजारपेठ, तळमजला, जुनं चिऱ्याचं घर. साडेचार फूट पाणी होतं, आता वीतभर गाळ आहे. फ्रिज, प्लायचं कपाट, मागे विहीर. नळाला पाणी नाही. शेजारी म्हणतात गाळ सुकू द्या, उचलायला हलका पडतो. बरोबर?

खराटा: अजिबात नको. वाशिष्ठी नदीचा गाळ मऊसूत; सुकला की फरशीच्या सांध्यांतून खरवडत बसावं लागतं. ओला आहे तोवर फावड्याने घमेल्यात भरा. त्याआधी मोरीच्या जाळीत गोणपाट कोंबा, नाहीतर पाइप तुंबलाच. विहिरीचं गढूळ पाणी पहिल्या धुण्याला चालतं. धुताना वरून खाली या. गमबूट आणि हातमोजे हवेतच. पायाला चीर असेल तर लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि काहीही हलवण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, पंचनाम्याला लागतात.

फेज_न्यूट्रल: फ्रिज "चालतो का बघू" म्हणून प्लग लावू नका. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्याला सहसा काही होत नाही. जातात ते त्याच्या बाजूचे रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा) आणि ओव्हरलोड (जास्त तापला की बंद करणारा). ते बदलून, वायरिंग धुऊन-वाळवूनच सुरू करा. इन्व्हर्टर फ्रिजचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बुडाला असेल तर प्रकरण वेगळं, मेकॅनिकलाच दाखवा. घरातले बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी सरळ फेका. वाळवले तरी आत गाळ राहतो, कॉन्टॅक्ट तापतात आणि काही आठवड्यांनी जळतात. वायर मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर सप्लाय जोडू देऊ नका.

पेठकर: विहिरीत ब्लिचिंग किती?

पाणीवाला: आधी उपसा करून गाळ काढा. नवं पाणी भरलं की हिशोब: व्यास × व्यास × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785 म्हणजे लिटर. दर हजार लिटरला 150 ग्रॅम ताजी पावडर. वास उडालेली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना. बादलीत कालवा, साका बसू द्या, वरचं निवळ तेवढं विहिरीत. 24 तास पाणी वापरू नका, मग क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसा. तरी पिण्याचं पाणी उकळूनच. फरशीला लिटरला 15 ग्रॅम, पण गाळ पूर्ण निघाल्यावरच. चिखलावर ओतलेलं ब्लिचिंग वाया जातं. संडासाच्या अ‍ॅसिडशी मिसळू नका, विषारी वायू होतो.

खराटा: प्लाय पापुद्र्यांनी सुटलं असेल तर कपाटाचा मोह सोडा. सागवानी काही असेल तर खण बाहेर काढून सावलीत वाळवा, उन्हात तडकतं. पुट्टी खुणेच्या फूटभर वरपर्यंत खरवडा आणि रंगाची घाई नको. चिरा ओल धरून ठेवतो, प्लास्टिक पेंट मारला की पोपडे ठरलेले. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून थांबा.