आधी एक्स्पान्डर, मग एजीसी

तुम्ही लिहिलंय की जुन्या कॅसेटवरचं कीर्तन संगणकावर घेताना एजीसी (आवाज हळू झाला की आपोआप वाढवणारी सोय) लावला, की बुवा श्वासाला थांबले रे थांबले टेपची खरखर भस्सकन वर येते. त्यावर वर एकांनी एजीसीनंतर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) लावायला सांगितलंय. हा क्रम मला अजिबात पटत नाही. एजीसीने खरखर एकदा उचलली की ती हळू बोललेल्या शब्दांच्या पातळीला येऊन बसते. मग गेटने दोन्हीतला फरक ओळखायचा कसा? हळू आवाज आणखी हळू करणारा एक्स्पान्डर आधीच हवा.

मी सांगलीत घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणं साफ करतो. मिरजेच्या तंबोऱ्यावर कडक गेट लावून बघा, जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, लांबत जाणारी आस कात्रीने कापल्यासारखी तुटते. जीव हळहळतो. म्हणून मी एक्स्पान्डरचं प्रमाण १:२ च्या पुढे नेत नाही. या प्रमाणात थ्रेशोल्डच्या (ज्या पातळीखाली एक्स्पान्डर काम सुरू करतो तिच्या) ५ डेसिबल खालचा आवाज १० डेसिबल खाली जातो, एवढं पुरतं. थ्रेशोल्ड ठरवायला कोणी बोलत नसलेला तुकडा निवडा, मीटर बघा. खरखर उणे ५२ डेसिबलवर असेल तर उणे ४७ च्या आसपास ठेवा. रिलीज, म्हणजे आवाज थ्रेशोल्डखाली गेल्यावर तो दबायला लागणारा वेळ, निदान अर्धा सेकंद.

एजीसीला कमाल वाढीची मर्यादा घाला, ८ डेसिबल खूप झाले. शांततेत वाढ गोठवायची सोय असेल तर ती चालू करा. आणि हो, तपासायचं हेडफोन लावूनच. स्पीकरवर खरखरीचा चढउतार लपून जातो.