शिवी देता का? कुठं शिकलात, आणि कुणासमोर जीभ चावता? (सातारा-सांगलीकरांसाठी अनुभव धागा)

कृष्णाकाठ :
परवा मुलीच्या बालवाडीतून फोन आला. पोरगी साडेचार वर्षांची. डबा सांडला आणि बाईंच्या देखत म्हणाली, "आयला, गेला की सगळा भात." बाई मूळच्या सांगलीच्याच, त्यांना हसू आवरत नव्हतं, पण फोन तर करायला हवा. "घरात कुणी असं बोलतं का हो?" मी म्हटलं, "छे छे." फोन ठेवला आणि तोंडातून आलं, "च्यायला, हिनं हे कुठनं उचललं?" बायको पलीकडं कणीक मळत होती. तिनं नुसतं बघितलं.

म्हणून हा धागा. शिव्या देता का, पहिली कुठं शिकलात, कुणासमोर थांबता, सोडायचा प्रयत्न केलाय का, ते लिहा. जड शिव्यांना फुल्या घाला, हलक्या तशाच चालतील. हलकी कुठली आणि जड कुठली यावर भांडणं होणार, हे धरून चाललोय. पुण्याचे लोक वाचणारच, वाचू देत.

माझ्यापुरतं सांगायचं तर 'आयला' मी शिवीत धरत नाही. आमच्या गल्लीत पाऊस आला तरी आयला आणि भडंग संपलं तरी आयला.

माणदेशी :
मी म्हसवडकडचा. ७२ च्या दुष्काळात आजोबांनी खडी फोडलेली, घरी सुकडी खाल्लेली. त्यामुळं आमच्यात दुष्काळ हा शब्द वाईट आणि सुकाळ चांगला. आजोबा मला हाक मारायचे, "सुक्काळीच्या, हिकडं ये." मला वाटायचं, आशीर्वाद देतायत.

तिसरीत गुरुजींनी विरुद्धार्थी शब्द घेतले. दुष्काळ? मी टणकन उभा. "सुकाळ." शाब्बास, आता वाक्यात उपयोग कर. मी म्हटलं, "माझे आजोबा मला सुक्काळीच्या म्हणतात." गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. बराच वेळ. खांदे हलत होते.

ती शिवी आहे हे कळलं ते अकरावीला, साताऱ्यात होस्टेलवर. कॉटवरच्या पोराला प्रेमानं तसं म्हटलं आणि त्यानं कॉलर धरली. आजोबा तोवर गेले होते, विचारायची सोय नव्हती. आता पोराला मी तीच हाक मारतो. बायको नगरची आहे, तिला पटत नाही.

तोंडबंद :
मी देत नाही. एकही नाही. संताप आला की फक्त "अहो" म्हणतो. बायको म्हणते, त्या "अहो"पेक्षा शिवी परवडली.

आजीचीनात :
माझी आजी तासगावकडची. तिच्या तोंडात आईवरची शिवी कधी आली नाही. "ती बी कुणाची तरी आय हाय," एवढंच कारण. पण शाप! मुडदा बशिवला तुझा, तोंडात माती पडली तुझ्या, वाट्टोळं झालं, आणि सगळ्यात आवडता म्हणजे "पटकी आली तुला." पटकी म्हणजे कॉलरा, हे मला शाळेत कळलं. तोवर मला ती एखादी बाई वाटायची, रागावून येणारी. गावातनं पटकी गेली, आजीच्या तोंडातनं गेली नाही. कोंबड्या, गॅसचा रेग्युलेटर, लाइट घालवणारा वायरमन, सगळ्यांना एकच माप.

मात्र दिवा लागला की बंद. तिन्हीसांजेला वास्तू तथास्तू म्हणते, म्हणून. आता राग काय घड्याळ बघून येतो? मग ती शिवी उलटी करून द्यायची. एकदा संध्याकाळी कुत्र्यानं बाजल्यावरच्या कुरडया खाल्ल्या. आजी काठी घेऊन त्याच्या मागं पळतीय आणि ओरडतीय, "आरं तुझं कल्याण झालं! सोन्यासारखं झालं तुझं! शंभर वर्सं जगशील मेल्या!" सूर मात्र पटकीचाच.

(त्यातलं 'मेल्या' कसं सुटलं, माहीत नाही. वास्तूनं चालवून घेतलं असावं.)

बांधावरचा :
बैलाला शिवी देताना ती मालकाला द्यायची असते. वडील नांगर हाकताना म्हणायचे, "चल, तुझा धनी मेला!" धनी तेच. आई बांधावरनं भाकरी घेऊन येताना म्हणायची, "आवो, मी हाय अजून. कुकू पुसायला लावू नगा." आता ट्रॅक्टर आहे. हप्ते फिटायचेत, म्हणजे धनी अजून बँकच. त्यामुळं शिवी देताना बरं वाटतं.

सुखेडचीसून :
आमच्याकडं तर त्याचा सणच आहे. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही शेजारची गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या देतात. मागं हलगी, तुतारी. याला बोरीचा बार म्हणतात. सासू दोन सवतींच्या भांडणाची गोष्ट सांगते, खरं-खोटं तीच जाणे.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी मागं उभी होते, पदर तोंडाला लावून. माझं माहेर साताऱ्यात, शिक्षकाचं घर, "गाढवा" ही शिवीची हद्द. जाऊबाईंनी ढकललं पुढं. समोरून एक बाई थेट माझ्याकडं हात करून माझं सगळं खानदान काढायला लागली. मला ती ओळखतसुद्धा नव्हती. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि मग माझ्याच तोंडातून काय काय आलं, ते इथं लिहिलं तर नुसत्या फुल्याच दिसतील. कुठं ऐकलं होतं मी ते? बहुतेक बस स्टँडवर. घसा दोन दिवस बसला.

त्याच आठवड्यात लोणंदच्या बाजारात तीच बाई मेथी घेऊन बसलेली. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. "आवाज चांगलाय की गं तुझा," म्हणाली आणि एक जुडी जास्त टाकली.

हल्ली मोबाइल धरून शूटिंग करणारे फार झालेत. त्यांना बायका शिव्या देताना बघायचं असतं. त्यांच्यासाठी नसतं ते.

काळाकोट :
साताऱ्यात वकिली करते. भांडणाच्या फिर्यादीत 'शिवीगाळ व दमदाटी' ही जोडी ठरलेली. पूर्वी कलम ५०४ असायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३५२ झालं. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लीलतेचं २९४ होतं, ते आता २९६. नंबर बदलले, शिव्या त्याच.

गंमत अशी की नेमका शब्द कोणता, असं विचारलं की माणूस गप्प होतो. बांधावर सगळ्या शिवाराला ऐकू गेलेला शब्द टाइप करणाऱ्यासमोर निघत नाही. एका आजींनी कागद मागितला. एकच शब्द लिहिला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

वर सगळे हसतायत म्हणून एक लिहिते. जातीवरून दिलेली शिवी या हलक्या-जडच्या हिशोबात येत नाही. तिच्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा आहे. "आमच्या भागात असंच बोलतात" हे मला अशिलांकडून फार ऐकावं लागतं. ज्याला बोललात, तोही त्याच भागातला असतो.

सेंट्रिंगवाली :
सिव्हिल इंजिनिअर, कराड. पहिल्या साइटवर मी गेटमधून आत आले की सगळे चिडीचूप. मला वाटलं, मान देतायत. महिन्याभरानं कळलं की शिव्या थांबल्या की बातम्यापण थांबतात. कुठल्या गोण्या भिजल्या, कोणत्या कॉलमला रिंगा कमी पडल्या, कोण दारू पिऊन चढलं, काही म्हणजे काही कानावर येईना. एकदा भर स्लॅबला मिक्सर बंद पडला आणि मी "मायला!" म्हणाले. मुकादम हसला. त्या दिवशी पहिल्यांदा तो जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, त्या मागच्या बीमचं बघा जरा." बघितलं. बघायलाच हवं होतं.

तरी आई-बहिणीवरनं आलं की माझं आजही टाळकं फिरतं. फळी चुकवली त्या बाप्यानं, शिवी त्याच्या आईला, जी तिकडं विजापूरला बसलीय. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ मध्ये ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली की ५०० रुपये दंड. मी साइटवर दहा रुपयांचा डबा ठेवला. आठवड्यात भरला, त्या पैशाची सगळ्यांनी भेळ खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यात लोक भेळेसाठी शिव्या द्यायला लागले. डबा काढून टाकला.

बांधावरचा :
पाचशे? आमच्या गावात लावा. एका ग्रामसभेत पाण्याची टाकी होईल.

हळदीचाहात :
वाचत होतो फक्त, पण लिहितोच.

सांगलीत आमचं हळदीचं छोटं दुकान, बाजारपेठेत. वडील शिवीशिवाय वाक्य सुरू करायचे नाहीत. हमाल, गिऱ्हाईक, मी, देव, कुणाला सोडलं नाही. आईनं चाळीस वर्षं समजावलं, उपास केले, एकदा नृसिंहवाडीला नेऊन शपथ घ्यायला लावली. परत येताना शिरोळच्या फाट्यावर मोडली.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुकानात पोती होती, तेवढ्यात काही हलवता आली नाहीत. आम्ही एका नातेवाइकाच्या दुसऱ्या मजल्यावर. वडील खिडकीशी खुर्ची घेऊन बसले आणि बोलायचे थांबले. चहा दिला, प्यायले. मुलानं पाणी सांडलं पायावर, काही नाही. सरकारला नाही, धरणाला नाही, पावसाला नाही. तिसऱ्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "डॉक्टर मिळतोय का बघ. हे काहीच बोलत नाहीत रे."

पाणी उतरल्यावर दुकानाचं शटर आम्ही दोघांनी पहारीनं उचललं. आत गुडघाभर चिखल, पिवळा. वास सांगता येत नाही. वडिलांनी पाय टाकला, चप्पल रुतली, पाय वर आला तो मोकळाच. ते एका पायावर उभे, माझा खांदा धरून. आणि मग सुरू झाले. कृष्णेपासून जी सुरुवात केली ती चपलेच्या दुकानदारापर्यंत. शेजारचे दुकानदार खराटे टाकून बाहेर आले, बघत उभे राहिले. एकानं टाळी दिली.

मी आईला फोन लावला आणि नुसता पुढं धरला. पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाली, "बरं. आता साखर ठेवते देवापुढं."

कृष्णाकाठ :
हळदीचाहात, यावर काय लिहू.

खटावकर :
एक प्रश्न होता. 'बाराबोड्याचा' म्हणजे काय? अलीकडं कुणी ऐकलंय का ही शिवी? जुनी माणसंच द्यायची.

आजीचीनात :
काल ऐकली. मलाच होती.