भाऊ पुण्याहून आलाय, दिवसभर झोपतो, कोणाशी बोलना. कुठं दाखवावं?

ताई_केजची
नमस्कार, कोणाला अनुभव असंल तर प्लीज सांगा. माझा लहान भाऊ २७ वर्षांचा, पुण्यात राहून एमपीएससी करत होता, एकदा मेन्सपर्यंत गेला मग पुढच्या वेळी प्रिलिमलाच कट-ऑफ हुकला. दिवाळीला गावी आला तो परत गेलाच नाही. रात्रभर जागा असतो, उजाडल्यावर झोपतो ते दुपारपर्यंत, अंघोळीचा पत्ता नाही, दोन घास खाऊन ताटावरून उठतो, मित्रांचे फोन उचलना. आधी वाटलं थकलाय, करू दे आराम. पण परवा मला म्हणला, "ताई, मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते." तेव्हापासून माझ्याच पोटात गोळा आलाय. वडील म्हणतात लग्न लावून देऊ मग सुधरंल, आई म्हणती बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याकडं न्यायचं चाललंय. आता नेमकं डॉक्टरकडं न्यावं का काउन्सेलरकडं? त्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात ते खरं का? आणि खर्च किती येईल, कारण त्याच्या शिक्षणालाच लई गेलेत.

रनर_भाऊ
रिकामं बसल्यावर असंच होतं. मोबाईल काढून घ्या, पहाटे ५ ला उठवून ५ किलोमीटर पळवा, आठ दिवसांत लाईनवर येतोय का नाही बघा. आमच्या वेळी डिप्रेशन बिप्रेशन काही नव्हतं.

जुना_पेठकरी
रनर भाऊ, पळणं चांगलंच आहे पण ज्याला अंघोळीला उठवत नाही त्याला ५ किलोमीटर सांगितले की तो तेही करू शकत नाही आणि मग स्वतःला अजून शिव्या घालत बसतो, मी यातून गेलोय म्हणून सांगतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, परत अभ्यासिका, आणि शेवटी शेवटी पुस्तक उघडून एकाच पानावर तास जायचा. घरी सांगायची लाज वाटायची कारण बापानं बैल विकून पैसे पाठवलेले. शेवटी रूममेटनं ओढत मानसोपचार डॉक्टरकडं नेलं.

ताई, आधी डॉक्टर. त्यांनी माझी थायरॉईड आणि बी१२ ची रक्त तपासणी पण करायला लावली कारण त्यानं पण असा थकवा येतो. गोळी सुरू केल्यावर पहिला आठवडा नुसती मळमळ आणि जीव घाबराघुबरा, फायदा काहीच नाही, तिथंच बहुतेक पोरं गोळी सोडतात. या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा पण. मला आधी झोप आली, मग भूक लागायला लागली, मन सगळ्यात शेवटी उघडलं.

रोजच्या दिनक्रमाचं म्हणाल तर काउन्सेलरनं फक्त एक वेळ पाळायला सांगितली होती, उठायची. झोप लागो न लागो, ८ ला उठून बाहेर उन्हात जाऊन बसायचं आणि दुपारी आडवं व्हायचं नाही. पहाटे ५ नाही हां, ८. ते जमल्यावर डेअरीला दूध घालून यायचं काम माझ्याकडं दिलं, म्हणजे रोज घराबाहेर पडणं आलं आणि चार माणसांशी "काय चाललंय" एवढं बोलणं आलं. चहा दुपारी ४ नंतर बंद. मोबाईल हिसकावला नाही कोणी, रात्री चार्जिंगला बाहेरच्या खोलीत ठेवायचं ठरलं फक्त. अभ्यासाचं टाइमटेबल मात्र पूर्ण बंद ठेवलं होतं आणि घरच्यांनी पुढच्या परीक्षेचा विषय काढायचा नाही असं डॉक्टरनंच बजावलं होतं.

वॉर्डातला_माणूस
मी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात समाजसेवक आहे. ताई, "मी नसतो तर" हे वाक्य हलक्यात घेऊ नका. त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. विचारल्यानं डोक्यात विचार भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. आणि आजच्या आज फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून हलवा, शेजारी नाहीतर पाहुण्यांकडं कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात हे काम सगळ्यात आधीचं.

केजवरून तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज जवळ पडेल, तिथं मानसोपचार विभाग आहे. बीडचं जिल्हा रुग्णालय पण आहे. खासगीपेक्षा खर्च खूपच कमी. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस, नंबर १४४१६, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलंय, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नातेवाइकांनी केला तरी चालतो.

सवयीबद्दल: डिप्रेशनच्या गोळ्यांची नशा किंवा तलफ लागत नाही, पण मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड होते म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, त्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका.

ताई_केजची
सगळ्यांचे खूप आभार. औषधं कालच मामाकडं नेऊन ठेवली. आणि विचारलं त्याला, लई रडला. विचार येतात म्हणला पण ठरवलेलं काही नाही म्हणतो. पण दवाखान्याचं नाव काढलं की "मी येडा आहे का" म्हणून अंगावर येतो. आई पण ऐकना. आणि एक, पुढं नोकरी लागायची वेळ आली तर हे रेकॉर्ड आडवं येईल का, त्याला तीच भीती जास्त आहे.

जुना_पेठकरी
झोपेचं निमित्त करा. "तुला झोप लागत नाही ना, चल झोपेसाठी दाखवू", यात खोटं काहीच नाही आणि झोप कोणाला नको असते. मला असंच नेलं होतं.

वॉर्डातला_माणूस
विचार येतात म्हणलाय ना, मग उद्या परवा करू नका, आजच निघा. ओपीडीची वेळ संपली असली तरी कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते, तिथं मानसोपचार डॉक्टरला बोलवा म्हणून सांगा. गाडीत एक माणूस त्याच्याजवळ बसवा. अजिबातच तयार झाला नाही तर घरूनच १४४१६ लावा, आधी तुम्ही बोला मग फोन त्याच्या हातात द्या.

आईशी भांडू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, पण दवाखान्याची तारीख चुकवायची नाही एवढं कबूल करून घ्या. फक्त मारणं, उपाशी ठेवणं, बांधून घालणं असलं काही कोणी सांगितलं तर तिथून लगेच उठा. लग्नाचं तर आत्ता नावच नको, दोन माणसं अडकतील.

रेकॉर्डचं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माहिती गुप्त ठेवायचा पेशंटचा हक्क लिहिलेला आहे, कोर्टाचा आदेश, कोणाच्या जिवाला धोका असे कायद्यातले ठरावीक अपवाद सोडले तर डॉक्टर ती बाहेर कोणाला देऊ शकत नाही, हे त्याला स्वतः डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या. आधार कार्ड घ्या, पुण्यात कुठल्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची पाकिटं पण घ्या, आणि आत गेल्यावर थोडा वेळ त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.